प्रिंटची किनार करडी येते: गावातल्या छोट्या डार्करूममधला घोळ कसा शोधायचा

प्रिंट फिक्सरमधून (चित्र कायम करणाऱ्या रसायनातून) काढली, लाईट लावला आणि पांढरीशुभ्र असायला हवी ती किनार करडी दिसली, तर लगेच कागदाला शिव्या घालू नका. नवीन पाकीट तर मुळीच मागवू नका. ब्लॅक अँड व्हाईट कागद आता तालुक्याला मिळत नाही, कुरिअरने मागवावा लागतो आणि खिशाला चांगलाच चटका देतो. ते नवं पाकीटही तुम्ही त्याच खोलीत, त्याच उकाड्यात, त्याच लाल दिव्याखाली उघडणार. दोष खोलीचा असेल तर नवा कागदही तसाच करडा होईल.

विदर्भात हा त्रास जास्त चिवट आहे, कारण तो ऋतूप्रमाणे वाट बदलून येतो. डिसेंबरात तपासून पक्की ठरवलेली खोली मेच्या दुपारी गळते. रात्री स्वच्छ येणारी प्रिंट सकाळी मळकट येते. त्यामुळे ‘कालपर्यंत तर बरोबर येत होतं’ या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही. तुम्ही ज्या महिन्यात आणि ज्या वेळी काम करता, तपासणीही त्याच महिन्यात, त्याच वेळी करायची. एवढं पाळलं तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आधी प्रिंटच नीट बघा

करडेपणा कुठे आहे यावरून बरंच कळतं. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, कागद ईझलमध्ये (त्याला सपाट धरणाऱ्या चौकटीत) असतो तेव्हा ईझलच्या पट्ट्या किनार झाकून ठेवतात. एन्लार्जरच्या डोक्यातून सांडणारा उजेड किंवा त्या वेळी खोलीत शिरलेला उजेड पट्टीखाली पोचत नाही. म्हणून किनार पांढरी आणि चित्रातले उजळ भाग, म्हणजे धोतर, आभाळ, कपाळ, तेवढे मळके असतील तर कागद ईझलवर असताना काहीतरी झालंय, किंवा लाल दिवा दोषी आहे. लाल दिव्याचं गणित जरा वेगळं आहे, ते पुढे येईल. किनारसुद्धा करडी असेल तर कागद ईझलवर जाण्याआधी किंवा तिथून निघाल्यावर बिघडला, नाहीतर तो मुळातच म्हातारा आहे.

एकाच कोपऱ्यातून किंवा एका कडेने आत पसरलेला करडेपणा बहुतेक वेळा पाकिटातल्या काळ्या पिशवीचा असतो. पिशवीचं तोंड दोनदा दुमडून मगच ती खोक्यात घाला, नुसती कोंबू नका.

किनार पांढरी आहे, पण काळा भाग काळा होत नाही आणि सगळं चित्र धुरकट, ठिपकेदार दिसतंय, तर तो फॉग, म्हणजे कागदावर नको तिथे चढलेला करडेपणा, नाही. ती वेळेआधी ट्रेमधून ओढलेली प्रिंट आहे. गरम डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) चित्र भसकन उमटतं, माणूस घाबरतो आणि अर्ध्या मिनिटात कागद बाहेर काढतो. एक्स्पोजर, म्हणजे कागदाला द्यायचा उजेड, कमी करा आणि कागदाला डेव्हलपरमध्ये त्याचा पूर्ण वेळ द्या. प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला साधारण एक मिनिट लागतं, साध्या फायबर कागदाला दोन ते तीन.

चार तुकडे

एका कागदाचे चार तुकडे करा. हे पूर्ण अंधारात करायचं, लाल दिवाही बंद. अंधारात आकडे टाकता येत नाहीत, म्हणून कात्रीने कोपरे उडवा. पहिल्याचा एकही नाही, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचे दोन, चौथ्याचे तीन. बोटांना ते बरोबर कळतं. ज्याचं काम चालू नाही तो तुकडा काळ्या पिशवीतच राहू द्या.

पहिला तुकडा थेट फिक्सरमध्ये टाका. दुसरा दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवा, मग स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), मग फिक्सर, सगळं अंधारातच. तिसरा ईझलवर ठेवा, त्यावर एक नाणं ठेवा आणि काहीही न लावता दहा मिनिटं नुसते बसा. मग तोही अंधारातच डेव्हलप करा.

चौथ्याला थोडी पूर्वतयारी लागते. एन्लार्जरची लेन्स अगदी बारीक करून त्याला इतकाच उजेड द्या की डेव्हलप केल्यावर तो फिका करडा यावा. त्यासाठी आधी एका चिटोऱ्यावर अंदाज घ्यावा लागेल. मग तो तुकडा डेव्हलपरच्या ट्रेजवळ ठेवा, वर नाणं ठेवा, लाल दिवा लावा आणि सात मिनिटं थांबा. त्यानंतर लाल दिवा बंद करून डेव्हलप करा.

ही पूर्वतयारी बरेच जण टाळतात आणि नेमकं तिथेच फसतात. कागद करडा व्हायला उजेडाची एक किमान मात्रा लागते, त्याहून कमी उजेड पडला तर कोरा कागद पांढराच राहतो. पण एन्लार्जरने आधीच काठोकाठ भरलेल्या माठात लाल दिव्याचा एक थेंब पडला तरी पाणी सांडतं. म्हणूनच लाल दिव्याचा दोष किनारीवर दिसत नाही, चेहऱ्यावर दिसतो. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून दिव्याला पास करणारे लोक पुढे महिनोन्‌महिने मळके चेहरे छापत बसतात.

आता चारही तुकडे धुऊन दिवसाच्या उजेडात, पण सावलीत, शेजारी शेजारी मांडा. पहिला तुकडा म्हणजे तुमच्या कागदाचा खरा पांढरा. दुसरा त्याच्यापेक्षा गडद असेल तर उजेडाचा काही संबंध नाही, कागद किंवा डेव्हलपर बघा. तिसऱ्यावर नाण्याचा गोल उमटला असेल तर खोली गळते. चौथ्यावर उमटला तर लाल दिवा. दुसराच करडा निघाला तर पुढचे दोन्हीही करडे येणार, अशा वेळी त्यांच्यावर फक्त गोल दिसतो का तेवढंच बघायचं. तुकड्यांच्या मागे महिना आणि वेळ लिहून ठेवा, पुढच्या ऋतूत ताडून बघायला कामी येतात.

तिसऱ्यावर गोल: खोली गळते

शहरातल्यांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये सगळा जोर दारं-खिडक्यांवर असतो. आपल्याकडे आधी वर बघायचं. न्हाणी असो की कोठीची खोली, डोक्यावर बहुधा कवेलू असतात नाहीतर टिन. कवेलू आषाढाआधी चाळले तरी वानरांची एक टोळी वरून गेली की पुन्हा सगळे सरकतात. टिनाला खिळ्यांची भोकं असतात, आणि नळीदार पत्रा जिथे भिंतीवर टेकतो तिथे प्रत्येक नळीखाली एक अर्धगोल फट राहते. आत उभं राहून ती दिसत नाही, कारण नजर तिथे जातच नाही.

ऋतूचा खेळ इथे सुरू होतो. विदर्भात मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. डिसेंबरात तोच दुपारी बाराला साधारण ४५ अंशांपर्यंतच चढतो. हिवाळ्यात ज्या फटीतून नुसता आडवा, मंद उजेड येत होता, त्याच फटीतून उन्हाळ्यात ऊन सरळ खाली उतरतं. फट तीच असते, फक्त तिच्यावर ऊन पडायची वेळ बदललेली असते.

शोधायला डोळ्यांनाही वेळ द्यावा लागतो. आत जाऊन पाच मिनिटांत ‘अंधार आहे’ म्हणून बाहेर येऊ नका. पंधरा-वीस मिनिटं बसा, हातात पांढरा कागद धरा. तो कुठल्याही कोनातून दिसू लागला की उजेड कुठून येतोय ते तिथूनच शोधा. फिल्म रीळवर चढवायची असेल तर निकष आणखी कडक लागतो. आजची बहुतेक फिल्म सगळ्या रंगांना जागी असते, तिला लाल दिवाही चालत नाही. फक्त फिल्मसाठी सगळी खोली पक्की करण्यापेक्षा रात्री दिवे घालवून जाड गोधडीखाली रीळ भरणं सोपं. मेमध्ये मात्र हे पहाटे करा. घामेजलेल्या हाताने फिल्म रीळला चिकटते आणि अर्ध्यावर अडकते.

छप्पर बुजवताना एकेक कवेलूच्या मागे लागू नका. खाली दुसरं छत करा. मिरची-टरबुजाच्या वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंग पेपर यासाठी उत्तम: एक बाजू काळी, एक चंदेरी. रोलचं उरलेलं, भोकं न पाडलेलं टोक शेजारच्या शेतकऱ्याकडे सहज मिळतं. वापरलेला नको, त्याला रोपांची भोकं असतात. २५-३० मायक्रॉनचा एक पदर पुरत नाही, त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं निघतात. दोन पदर घ्या, मध्ये जुनी चादर किंवा लुगडं घाला, बांबूच्या कमच्यांवर ताणा आणि चंदेरी बाजू वर ठेवा. टिनाची धगही थोडी परत फिरते. निळी-पिवळी ताडपत्री यासाठी बिनकामाची, ती उजेड गाळून आत सोडते. हिरवं शेडनेट तर विचारूच नका.

दाराला काळ्या सुती कापडाचे दोन पडदे लावा, हातभर एकमेकांवर येतील असे. खालच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी. फळ्यांचं जुनं दार असेल तर फळ्यांमधल्या फटी आतून पुट्टीने भरा. खिडकीत कूलर बसवलेला असेल तर ती खोली विसरा: उजेड येतो, धूळ येते, आणि दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात. हवा मात्र लागतेच. फिक्सरच्या वासाने चार बाय सहाच्या खोलीत डोकं धरतं. एक छोटा एक्झॉस्ट पंखा लावा आणि त्याच्या तोंडाशी आतून काळा रंगवलेला, दोन वळणं असलेला पुठ्ठ्याचा बोगदा करा. हवा वळते, उजेड वळत नाही.

‘रात्री काम करा’ हा सल्ला खराच आहे, पण पूर्ण नाही. आता गावात खांबाखांबावर पांढरे एलईडी लागलेत. खांब घरासमोर असेल तर ज्या फटी दिवसा गळतात त्या रात्रीही गळतात. आणि आतले उजेड असतातच: इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, मोबाईल चार्जरचा निळा, खिशातल्या फोनवर आलेला मेसेज. ट्यूबलाईट किंवा सीएफएल बंद केल्यावरही थोडा वेळ मंद चमकत राहते. ती विझवून लगेच पाकीट उघडू नका.

चौथ्यावर गोल: लाल दिवा

गणपती-दिवाळीला लावतात तो लाल झिरोचा बल्ब स्वस्त असतो, म्हणून बहुतेक जण तोच लावतात. त्यातले बरेचसे पांढऱ्या बल्बला वरून लाल रंग दिलेले असतात. रंग उडतो, होल्डरजवळ तो पातळ असतो, आणि तिथून पांढरा उजेड सांडतो. घरात जुनी सीडी असेल तर अंधारात तिच्या चमकत्या बाजूत बल्बचं प्रतिबिंब बघा. फक्त लाल पट्टा दिसला तर चांगलं. शेजारी हिरवी-निळी झाक दिसली तर तो बल्ब देवघरात लावा, डार्करूममध्ये नको. मल्टिग्रेड कागद, म्हणजे ज्याचा कॉन्ट्रास्ट फिल्टरने बदलता येतो तो, निळ्याबरोबर हिरव्यालाही जागा असतो, त्यामुळे त्याला हिरव्याची झाकही पुरते. खरे लाल एलईडी या परीक्षेत सहसा पास होतात.

दिवा ट्रेपासून निदान चार फूट लांब असावा. छोट्या खोलीत एवढं अंतर मिळत नाही. मग तो भिंतीकडे तोंड करून लावा, भिंतीवरून परतलेला उजेड पुरतो. डोळे सरावल्यावर ट्रेमधली प्रिंट दिसली की बास, पेपर वाचता यायची गरज नाही.

दुसरा करडा: ऊन, भांडं, वय

आपल्याकडे एप्रिल ते जून सगळ्यात जास्त वेळा हाच तुकडा पकडला जातो. डेव्हलपरचं काम २० अंशाला धरून आखलेलं असतं. २४ पर्यंत फारसं बिघडत नाही. पण टिनाखालच्या फळीवर ठेवलेली बाटली मेमध्ये ४० च्या पुढे जाते, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर हातावर घेववत नाही. इतक्या गरम डेव्हलपरला उजेड पडलेला आणि न पडलेला कण यांत फरक उरत नाही, तो दोन्ही काळे करू लागतो. दुसरा तुकडा करडा आला तर तोच प्रयोग डेव्हलपर २२ अंशापर्यंत उतरवून पुन्हा करा. आता पांढरा आला तर दोषी ऊन, कागद निर्दोष.

तापमान मोजायला ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५ च्या खाली काही सांगत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला काचेचा किंवा स्वयंपाकासाठी मिळतो तो काडीवाला डिजिटल घ्या.

थंड करायला सगळ्यात सोपं साधन घरात आहेच. उन्हाळ्यातली आपली कोरडी हवा माठातलं पाणी झिरपवून चांगलं गार करते. डेव्हलपर पातळ करायला माठातलंच पाणी घ्या. डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या घमेल्यात पाण्यावर ठेवा आणि त्या बाहेरच्या पाण्यात बर्फ जमवलेली बाटली सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो वितळून डेव्हलपर पातळ होतो. स्टॉप आणि फिक्सरही जवळपास त्याच तापमानाला आणा, विशेषतः फिल्मच्या वेळी. २२ अंशाच्या डेव्हलपरमधून फिल्म ४० अंशाच्या पाण्यात गेली की जिलेटिनचा थर एकदम फुगतो आणि निगेटिव्हवर जाळीदार सुरकुत्या पडतात. त्या कशानेही जात नाहीत. फिल्म डेव्हलप करताना तापमान खाली आणता येत नसेल तर डेव्हलपरमध्ये लिटरला ५० ते १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालण्याची जुनी पद्धत आहे. त्याने जिलेटिन कमी फुगतं. पावसाळ्यात मात्र माठावर भरवसा ठेवू नका. हवाच ओली असल्यावर पाणी झिरपून गार होत नाही, तेव्हा फ्रीज किंवा खोल विहिरीचं पाणी बरं.

जागा अगदीच कमी असेल तर ट्रेचा नाद सोडून चार इंची पीव्हीसी पाईप वापरून बघा, मला तर उन्हाळ्यात तोच बरा वाटतो. साधारण फूटभर तुकडा, एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या टोकाला काढघाल करता येणारी. आठ बाय दहाचा कागद लांब बाजूने वळवून, रसायनाची बाजू आत ठेवून घातला की पाईपच्या आतल्या गोलाईला नीट बसतो. लाल दिव्यात शंभर-सव्वाशे मिलिलिटर डेव्हलपर ओता, टोपी लावा आणि पाईप गंजातल्या (मोठ्या पातेल्यातल्या) गार पाण्यावर आडवा फिरवत राहा. एवढंसं रसायन गार करायला फारसं काही लागत नाही. ओतताना-काढताना टोपी उघडते, म्हणून ते काम अंधारात किंवा लाल दिव्यातच.

भांड्यांकडेही बघा. दर्यापूरकडच्या एका मित्राचा फोन आला होता: “भाऊ, कागदच खराब निंगाला. अंधारात केला तरी करडाच येते.” मी विचारलं, “ट्रे कायचा हाये?” तर म्हणे, “ट्रे नाही ना, आईची पितळेची परात हाये. मस्त मोठी हाये.” तांब्या-पितळेतला तांब्याचा अंश डेव्हलपरमध्ये उतरला की तो लवकर तपकिरी पडतो आणि कागदावर फॉग आणतो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला डेव्हलपरमधला सोडा खातो. प्लॅस्टिक, काच, इनॅमल किंवा चांगलं स्टील, एवढंच वापरा. आणि डेव्हलपरचं भांडं फक्त डेव्हलपरचंच. फिक्सरचे थेंब त्यात पडले तरी डाग आणि फॉग दोन्ही येतात. चिमटे वेगळे ठेवा, त्यांना खुणेची चिंधी बांधा.

पाण्याचा प्रश्नही इथेच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या त्या भागात, बोअरचं पाणी खारट असतं. इतरत्र ते जड असतं. जड पाण्यात डेव्हलपर कालवला की तळाशी पांढरा साका बसतो. डेव्हलपर आणि शेवटची धुवण यांच्यासाठी गावच्या आरओ प्लान्टचं पाणी घ्या, बाकीची धुवण बोअरच्या पाण्याने झाली तरी चालते. फिल्म धुवायला नळ सोडून ठेवायची गरज नाही. टाकी भरा, पाच वेळा उलटीपालटी करा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. ही पद्धत इल्फर्डने सुचवलेली आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात तीच परवडते.

ऊन, भांडं, पाणी, सगळं तपासूनही दुसरा तुकडा करडाच, तर कागद म्हातारा झालाय. तालुक्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटांत अजून इंदूची जुनी पाकिटं निघतात. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा माल, एके काळी देशभर चालायचा. पण इतके उन्हाळे टिनाखाली काढलेला कुठलाही कागद करडा पडणारच. तो फेकून देऊ नका. बेन्झोट्रायझोलचं एक टक्क्याचं द्रावण करून तयार डेव्हलपरच्या लिटरला दहा-वीस मिलिलिटर घाला. फॉग दबतो, कागद मात्र मंद होतो, एक्स्पोजर वाढवावं लागतं. ते मिळालं नाही तर पोटॅशियम ब्रोमाईडचं दहा टक्क्यांचं द्रावण, लिटरला दहा मिलिलिटरपासून सुरुवात करा. फार गेलेल्या कागदाला हाही उपाय लागू पडत नाही, तो टेस्ट स्ट्रिपच्या (एक्स्पोजरचा अंदाज घ्यायच्या पट्टीच्या) सरावाला ठेवा.

नवा कागद फ्रीजमध्ये ठेवत असाल तर डबा हवाबंद असू द्या आणि उघडायच्या आधी काही तास बाहेर काढून ठेवा, नाहीतर बाहेरची वाफ थंड कागदावर बसते. फ्रीज नसेल तर मातीच्या भिंतींच्या खोलीत जमिनीलगत ठेवलेला स्टीलचा डबा टिनाखालच्या कपाटापेक्षा केव्हाही बरा.

हिवाळ्यात चित्र उलटं होतं. पहाटे पाणी १२ अंशावर आलं की डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन जवळपास झोपतं आणि काळा भाग कितीही वेळ ठेवला तरी राखाडीच राहतो. हा फॉग नव्हे. ट्रेखालच्या घमेल्यात कोमट पाणी घाला.

सेकंद तेच, प्रिंट वेगळी

किनार पांढरी आहे, पण कालच्याच निगेटिव्हची, कालच्याच सेकंदांची प्रिंट आज फिकी आली, तर विजेकडे बघा. शेतीपंपांची थ्री फेज सुरू झाली की गावातलं व्होल्टेज खाली बसतं. व्होल्टेज १० टक्के उतरलं की साध्या टंगस्टन बल्बचा उजेड साधारण ३० टक्के घटतो आणि पिवळाही होतो. मल्टिग्रेड कागदावर त्याने कॉन्ट्रास्टही उतरतो. म्हणून पंपांच्या वेळापत्रकाचा आठवडा भिंतीवर लिहून ठेवा. गावात साधारण कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री पाळी आहे ते सगळ्यांना माहीत असतंच.

क्लिक-क्लिक करणारा स्वस्त स्टॅबिलायझर इथे उलट त्रास देतो, तो एक्स्पोजरच्या मधेच टप्पा बदलतो. चांगल्या एलईडी बल्बच्या खोक्यावर व्होल्टेजचा मोठा पल्ला छापलेला असतो, तेवढ्यात त्याचा उजेड स्थिर राहतो. तो एन्लार्जरमध्ये बसतो का ते बघा. बसला तर निगेटिव्ह न लावता एक कागद फिका करडा होईल इतका एक्स्पोज करा. मधोमध गडद आणि कडा फिक्या आल्या तर बल्ब थोडा वर-खाली सरकवा. फिल्टरचे ग्रेडही नव्याने तपासावे लागतील, कारण एलईडीच्या पांढऱ्यात निळ्या-हिरव्याचं प्रमाण वेगळं असतं.

आणि एक गोष्ट करडेपणाशी संबंधित नसली तरी सांगतोच. न्हाणीत ओली फरशी, ओले हात आणि लोखंडी अंगाचा जुना एन्लार्जर, हे तिन्ही एकत्र येतात. गावातली अर्थिंग बऱ्याच घरांत नावापुरती असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय तिथे प्लग लावू नका. बोर्ड कोरड्या भिंतीवर, ट्रे समोरच्या बाजूला.

फिक्सर

किनार ताजी असताना पांढरी होती, पण महिन्या-दोन महिन्यांनी पिवळी-तपकिरी पडली, तर दोष अंधाराचा नाही, फिक्सरचा किंवा धुण्याचा आहे. नव्या फिक्सरमध्ये फिल्मचा एक चिटोरा पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते बाटलीवर लिहून ठेवा. त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला की फिक्सर बदला. उन्हाळ्यात आम्ल फिक्सर दुधाळ होतो, गंधक सुटतं. तसा झालेला गाळून वापरायचा मोह टाळा. जुना फिक्सर विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या नालीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवा, त्यात भांडी घासायच्या लोखंडी काथ्याचा गोळा टाकून काही दिवस ठेवा, चांदी लोखंडावर काळ्या गाळाच्या रूपात बसते. कॅनवर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहा. आणि रसायन कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका, मे महिन्यात तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.